अवस्थांची बेरीज

उद्यमबागेत रात्रपाळी सुटते
आणि काजळलेल्या बोटांनी मी
कणबर्गी सरांच्या दाराची कडी वाजवतो.
सकाळचे सव्वासहा. डिसेंबर. बेळगाव.
सर मफलरात, हातात तांब्या.
"बारो," म्हणतात, आणि लगेच, "ये."
एकाच माणसाला दोनदा आत घ्यायची त्यांची पद्धत.

आज विभाजन फलन.
आमच्याकडच्या पोराला हे नाव सांगितलं
की आधी नकाशा दिसतो,
मग पाटी, पाटीवर फासलेलं डांबर,
मग भरमामामा, जो एका मोर्चातून
उशिरा घरी आला
आणि जेवताना कुणाशी बोलला नाही.
सरांना कळलं असावं.
"नावावर जाऊ नको," म्हणाले.
"नाव वाटणीचं, काम बेरजेचं."

जुन्या वीजबिलाच्या पाठीवर
(पुढच्या बाजूला सगळं कानडीत)
त्यांनी एक झेड काढला.
कुठल्याशा जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर म्हणे,
अर्थ: अवस्थांची बेरीज.

"रेणू कुठं कुठं असू शकतो ते सगळं मोज.
एकही अवस्था गाळायची नाही.
परवडत नाही म्हणून कुणाला हाकलायचं नाही,
वजन तेवढं कमी द्यायचं.
ऊर्जा चढत गेली की वजन घातांकानं उतरतं,
शून्याच्या उंबऱ्यापर्यंत जातं,
उंबरा ओलांडत नाही."

मला आमची भट्टी आठवली.
चौदाशे अंशांवर लोखंड लॅडलमध्ये डुलत असतं,
पायरोमीटर एक आकडा दाखवून गप्प बसतो,
आणि यल्लोजीकाका ठिणगीचा रंग बघून म्हणतो,
"थांब रे, आणि दोन मिनिटं."
त्याच्या डोळ्यात कुठली बेरीज चालते
हे मी सरांना विचारलं नाही.

"लॉग घे."
घेतला.
"आता बीटा जरा हलवून बघ."
डेरिव्हेटिव्ह काढला, उणे चिन्ह लावलं,
आणि सरासरी ऊर्जा कागदावर आली
जशी साच्याची वाळू झटकल्यावर
आतनं पंपाची बॉडी निघते,
अजून गरम, कडेला जराशी खरबरीत.
पुन्हा एकदा हलवलं:
ती ऊर्जा सरासरीभोवती किती हेलकावते ते मिळालं,
आणि त्यातूनच, किती उष्णता ती वस्तू पोटात घेईल ते.
"जो हेलकावतो, तोच पोटात घेतो,"
सर म्हणाले. मग हसले.
"हे पेपरात लिहू नको."

"आता तापमान तेच ठेव.
भिंत केसभर सरकव.
लॉग किती बदलतो? तो दाब."
हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही.

चहा आला. कपावर साय धरली.
"आता गार करत ने," सर म्हणाले, "अगदी शून्यापर्यंत."
एकेक वजन विझत गेलं,
वरच्या पायऱ्या ओस पडल्या,
उरली ती तळाची अवस्था, एकटी.
"आणि तळाला दोन असतील तर? बरोबरीच्या?"
सरांचा हात बशीवर थांबला.
"मग झेड दोनवर थांबतो.
एन्ट्रॉपी शून्याला जात नाही.
दोनचा लॉग शिल्लक राहतो.
किती का गार करेनास."

खिडकीबाहेर दुधाची गाडी दोन भाषांत ओरडत गेली.
आम्ही दोघं थोडा वेळ काहीच लिहीत नव्हतो.

घरी पोचलो तेव्हा ताटं वाढलेली.
आई म्हणाली, "उप्पु कोडु."
आप्पा म्हणाले, "मीठ दे रे."
डबा एकच होता. मी उठलो.
कुणाचं ऐकून उठलो ते मोजलं नाही.

खिशातल्या बिलावर आता
झेडच्या मधोमध
माझ्या अंगठ्याचा काळा ठसा आहे.
पुसला तर आकडेही जातील.
राहू दे.